एक फेब्रुवारी आणि दोन नोव्हेंबर
(मॉरिशसच्या दास्यमुक्तिदिनाचा इतिहास व अर्थ)

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांतील बहुतेकांची उत्तरे पाठ्यपुस्तकात सापडतात. क्वचित एखादा प्रश्न असा येतो की, त्याचे उत्तर शोधताना शिक्षकालाच आपल्या अध्यापनाची झडती घ्यावी लागते. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी नष्ट करणारा कायदा केला, हे मी नववीच्या वर्गात सांगत होतो. विल्बरफोर्स व त्यांचे सहकारी यांच्या दीर्घ प्रयत्नांना यश आले, एवढे एक वाक्य उच्चारून पुढील प्रकरणाकडे वळावे, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. त्या दिवशी मात्र मागल्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, मग सुटलेल्या गुलामांचे पुढे काय झाले? आणि त्यांची कामे कोणी केली?” मी त्या वेळी काहीतरी मोघम उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र आपण ते प्रकरण नेमके जेथून सुरू व्हावयास हवे तेथेच संपवीत आलो आहोत, हे ध्यानात आले.

त्या मुलाच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका लहानशा बेटाच्या इतिहासात एकत्र सापडतात. ते बेट म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस. तेथे १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या निर्मूलनाचा दिवस म्हणून, तर २ नोव्हेंबर हा भारतीय करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून सार्वजनिक सुटी देऊन पाळला जातो. पहिला दिवस १८३५ चा आहे, दुसरा १८३४ चा. म्हणजे जुने दास मुक्त होण्यापूर्वी तीन महिने आधीच नवे मजूर धक्क्यावर उतरले होते. या दोन तारखांचा क्रम लक्षात घेतला म्हणजे त्या इतिहासाचे मर्म पुष्कळसे उलगडते. शिवाय त्या मजुरांच्या पुढल्या तुकड्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील व घाटावरील मराठी माणसेही होती. म्हणून हा विषय आपल्याला दूरचा मानता येत नाही.

मॉरिशसला मूळचे रहिवासी नव्हते. १५९८ मध्ये डच तेथे उतरले व आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून त्यांनी बेटाचे नाव ठेवले. १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली आणि लवकरच शेजारच्या मादागास्करमधून गुलाम आणावयास प्रारंभ केला. म्हणजे या भूमीत माणसाचा संसार सुरू झाला तो गुलामाला बरोबर घेऊनच. १७१० मध्ये डच बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्यावर निशाण रोवून ‘फ्रान्सचे बेट’ असे त्याचे नामांतर केले. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या लाबुर्दोने याच्या कारकीर्दीत पोर्ट लुई बंदर, रस्ते, गोद्या व साखरेचे कारखाने उभे राहिले. हाच लाबुर्दोने पुढे १७४६ मध्ये मद्रास जिंकणारा म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत येतो. त्या बांधकामांमागील हात मादागास्कर, मोझांबिक व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांचे होते. त्यांत भारतातून नेलेले काही गुलामही होते, हे आपण सहसा विसरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरील दर पाच माणसांत सुमारे चार गुलाम होते.

या गुलामांसाठी फ्रेंचांनी केलेला कायदा ‘काळी संहिता’ या नावाने प्रसिद्ध आहे. तो १७२३ मध्ये या बेटांना लागू झाला. त्या कायद्याने गुलामाची गणना जंगम मालमत्तेत केली. पळून गेलेल्या गुलामाला पहिल्या वेळी कान कापून व खांद्यावर डाग देऊन, दुसऱ्या वेळी पायाची शीर तोडून आणि तिसऱ्या वेळी देहान्त देऊन शासन करावे, असे त्यात लिहिलेले होते. इतके असूनही गुलाम पळतच राहिले. डोंगरांत व अरण्यांत दडून राहणाऱ्या या फरारी लोकांना ‘मरून’ म्हणत. शिक्षेची अशी चढती भाजणी कायद्यात घालावी लागली, यावरूनच तिसऱ्यांदा पळणारी माणसेही होती हे सिद्ध होते. गुलामांनी स्वतः लिहिलेली साधने फारच थोडी उरली आहेत. तथापि त्यांना बांधणारा कायदाच त्यांच्या स्वातंत्र्यप्रेमाची साक्ष देतो.

मुक्तीचा कायदा या बेटाच्या किनाऱ्यापर्यंत येऊन परत गेल्याचेही उदाहरण आहे. राज्यक्रांतीनंतर फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी आपल्या सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. त्या हुकमाची अंमलबजावणी करण्यासाठी बाको व बर्नेल हे दोन प्रतिनिधी १७९६ मध्ये मॉरिशसला आले. मळेवाल्यांनी त्यांना थोड्याच दिवसांत जहाजावर चढवून परत धाडले! समता, स्वातंत्र्य व बंधुता यांचा उद्घोष करणारी क्रांती ऊसमळ्यांच्या कुंपणापाशी थबकली. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरीला पुनश्च कायदेशीर ठरविले, तेव्हा या बेटाला तर काही बदलावेच लागले नाही.

१८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकले. त्यापूर्वीच, १८०७ मध्ये, त्यांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातलेली होती. परंतु व्यापाराची बंदी आणि गुलामगिरीचे निर्मूलन या दोन गोष्टी भिन्न आहेत. आणलेले गुलाम गुलामच राहिले, आणि चोरून नवे आणण्याचे कामही पुढे काही वर्षे चालू होते. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी करण्यात आली, त्यामुळे उसाची लागवड झपाट्याने वाढली व मजुरांची हाव वाढली. १८३२ मध्ये गुलामगिरीचा विरोधक म्हणून ख्याती असलेला जॉन जेरेमी हा सरकारी कायदा-अधिकारी म्हणून तेथे आला, तेव्हा मळेवाल्यांनी सगळे व्यवहार बंद पाडून त्याला परत जावयास भाग पाडले. त्यांचा पुढारी आद्रियाँ देपिने याने लंडनला जाऊन आपल्या वर्गाची बाजू मांडली. आम्हाला नुकसानभरपाई द्या, हा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता.

ती मागणी पूर्ण झाली. २८ ऑगस्ट १८३३ रोजी राजाची संमती मिळालेल्या कायद्यात दोन कोटी पौंडांच्या भरपाईची तरतूद होती. मॉरिशसच्या मालकांच्या वाट्याला सुमारे एकवीस लाख पौंड आले, आणि त्यांच्या ताब्यातील गुलामांची संख्या सुमारे सहासष्ट हजार होती. या रकमेसाठी ब्रिटिश सरकारने काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली, यावरून तिच्या आकाराची कल्पना यावी. ही भरपाई मालकांना मिळाली. ज्यांचे आयुष्य हिरावून घेतले होते, त्यांना एक पैही देण्यात आली नाही. ज्याची वस्तू गेली त्याचे नुकसान झाले, या तर्काने कायदा चालला होता. त्या तर्कात माणूस हा अद्यापही वस्तूच होता.

अंमलबजावणीची तारीखही सर्वत्र एक नव्हती. वेस्ट इंडीजमध्ये १ ऑगस्ट १८३४, केप वसाहतीत १ डिसेंबर १८३४ आणि मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ असा क्रम ठरला. त्या दिवशी तरी बेडी तुटली काय? कायद्याने मुक्त झालेल्या गुलामाला आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे, आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत, वेतनावाचून राबावयाचे होते. शेतावरील मजुरांसाठी ही मुदत सहा वर्षांची होती. या अवस्थेला कायद्याने जे नाव दिले त्याचा मराठीत ‘उमेदवारी’ असाच अनुवाद करावा लागेल. आपल्याकडे सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखाली राहून पोरगा धंदा शिकतो, तिला आपण उमेदवारी म्हणतो. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडला, त्यांना मळ्यावर आणखी कोणती विद्या शिकवावयाची होती? लोकांचा असंतोष आणि इंग्लंडमधील टीका यांमुळे ही मुदत आधीच आवरती घ्यावी लागली, आणि १८३९ च्या मार्चअखेर मॉरिशसमधील उमेदवारी संपुष्टात आली. दास्यमुक्तीचा दिवस १ फेब्रुवारी खरा, पण आपल्या पायांनी मळ्याबाहेर पडण्याची मोकळीक त्यानंतर चार वर्षांनी मिळाली.

ती मिळताच बहुसंख्य मुक्त लोक मळे सोडून गेले. कोणी किनाऱ्यावर मासेमारी करू लागले, कोणी कारागीर झाले, कोणी जमिनीचे लहान तुकडे विकत घेऊन भाजीपाला पिकवू लागले. गुलामांना कामाची गोडी नव्हती, असे मळेवाले म्हणत. वस्तुतः ज्या जागेने त्यांना माणूस मानले नाही ती जागा त्यांनी टाकली, एवढाच त्याचा अर्थ होता. मात्र चांगली जमीन, भांडवल व शाळा ही तिन्ही इतरांच्या हातांत असल्यामुळे त्यांच्या वाट्याला समाजाची कडाच आली. मागल्या बाकावरील मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

दुसऱ्याचे उत्तर पोर्ट लुईच्या धक्क्यावर मिळते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस भारतीय मजूर घेऊन तेथे आले. ते बंगाल-बिहारकडील डोंगरी मुलखातील आदिवासी होते. महिना पाच रुपये पगार आणि पाच वर्षांची मुदत असा त्यांचा करार होता. हा प्रयोग मळेवाल्यांना इतका मानवला की पुढील पाऊणशे वर्षांत कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. १८६१ च्या शिरगणतीत भारतीयांचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक भरले. कराराला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला, आणि तो शब्द हिंदी महासागरापासून फिजीपर्यंत पोहोचला.

ही पद्धती म्हणजे नव्या नावाची गुलामगिरीच होय, असा आक्षेप प्रारंभापासून घेतला जात होता. छळाच्या बातम्यांमुळे हिंदुस्थान सरकारने १८३८-३९ मध्ये मजुरांची निर्गत थांबविली. १८४० मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनीही यातून गुलामगिरीची नवी पद्धत उद्भवेल अशी भीती व्यक्त केली. तथापि १८४२ मध्ये दार पुन्हा उघडले गेले. करार संपलेल्या मजुरानेही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगला पाहिजे, नाहीतर भटक्या म्हणून अटक, असा १८६७ चा कायदा होता. त्याविरुद्ध १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक मजुरांनी सह्या वा निशाण्या केलेला अर्ज आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या साहाय्याने सादर झाला आणि त्यावर शाही चौकशी नेमावी लागली. १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतताना काही दिवस मॉरिशसला थांबले. त्यांच्या प्रेरणेने १९०७ मध्ये बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले व मजुरांची वकिली करू लागले. आणि ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून कित्येक मजूर गेले, त्याच जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये वरिष्ठ विधिमंडळात ही पद्धती समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतापुढे तो फेटाळला गेला, परंतु १९१७ मध्ये भरती थांबवावीच लागली. मॉरिशसपुरती ती १९१० च्या सुमारासच बंद पडली होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गिरमिटाचे हाल खरे असले तरी गिरमिट आणि दास्य या गोष्टी एक नव्हेत. करार कितीही फसवा असला तरी त्याला मुदत होती. मजुराची मुले जन्मतः कोणाच्या मालकीची नव्हती. मुदतीनंतर काही लोक परत आले, काहींनी तेथेच साठविलेल्या पैशांतून जमीन घेतली. सर्वांत मोठा भेद नावाचा आहे. भारतीय मजुरांची नावे, त्यांच्या बापांची नावे, जात, गाव, जहाज यांच्या नोंदी करण्यात आल्या. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. एखाद्या मराठी वंशजाला तेथे आपल्या पणजोबाचा ठावठिकाणा सापडू शकतो. त्या मजुरांनी आपले देव, आपले सण, आपले जाखडी नाच व गोंधळ बरोबर नेले. म्हणूनच गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते, आणि समुद्रावर विसर्जनाच्या मिरवणुका निघतात. मराठी भाषा शाळांतून शिकविली जाते. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसाला मात्र मालकाने दिलेले नाव घ्यावे लागले. कित्येक नोंदींत तर नाव विनोदासाठी ठेवल्यासारखे दिसते. त्याची भाषा गेली, देव गेले, गाव गेले. जे उरले ते रावान नावाच्या कातडी वाद्याच्या तालावरील ‘सेगा’ हे गाणे व नृत्य, आणि सर्वांची झालेली क्रिओल बोली. ज्यांना पूर्वजांची नावे ठाऊक आहेत, त्यांना श्राद्ध करता येते. ज्यांना ती ठाऊक नाहीत, त्यांना एक तारीख लागते. १ फेब्रुवारीचे महत्त्व मला यात वाटते.

त्या दिवशी लोक बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या ल मोर्न या पर्वताच्या पायथ्याशी जमतात. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचा हा कातळ समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या गुहांतून व माथ्यावर मरून लोक आश्रयास राहत. त्याविषयी अशी कथा सांगतात की, गुलामगिरी संपल्याचे वर्तमान सांगण्यासाठी शिपायांची एक तुकडी पर्वतावर चढू लागली. वरच्या लोकांना वाटले, हे आपल्याला पकडावयास आले आहेत. पुन्हा दास्यात जाण्यापेक्षा मरण बरे, असे म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही कथा कोणत्याही सरकारी कागदाने सिद्ध झालेली नाही, ती लोकांच्या स्मृतीत राहिलेली आहे. पण इतिहासकाराने ती हसण्यावारी नेऊ नये. ज्या समाजात गणवेशातला माणूस दीडशे वर्षे साखळी घेऊनच आला, त्या समाजाला तो एके दिवशी मुक्ती घेऊन येईल यावर विश्वास कसा बसावा? कायदा बदलला तरी विश्वास निर्माण होत नाही, हे सत्य ती कथा कोणत्याही दफ्तरापेक्षा स्पष्ट सांगते.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. पुढे या शतकाच्या आरंभी १ फेब्रुवारी व २ नोव्हेंबर या दोन्ही दिवसांना सार्वजनिक सुटीचा मान मिळाला. मजूर जेथे उतरत ती पोर्ट लुईची जागा ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ मध्ये, आणि ल मोर्न २००८ मध्ये, जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली. २००९ मध्ये नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाने दास्य व गिरमिट या दोहोंच्या परिणामांची एकत्र चौकशी करून २०११ मध्ये अहवाल दिला. ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. एकाच देशातील दोन समाजांना आपापले दुःख वेगळे कुरवाळीत बसणे सोपे होते. दोन्ही दुःखे एका वहीत मांडण्याचे अवघड काम त्या लहान देशाने निदान आरंभिले.

आपणही आपली वही उघडून पाहावी. १८३३ च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. आपल्याकडे १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरील हक्क मानू नये एवढे ठरले, आणि गुलाम बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. पेशवाईच्या दफ्तरात कुणबिणींच्या व बटकींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत. पोर्तुगीज गोव्यात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा बाजार भरत असे. तेव्हा गुलामगिरी ही केवळ परक्यांची गोष्ट नव्हे. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले, आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. दूरच्या मुक्तीचे स्मरण हे घरच्या दास्याकडे पाहण्याचे साधन होऊ शकते, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

नववीच्या वर्गाला आता मी १८३३ चे वाक्य सांगून थांबत नाही. फळ्यावर दोन तारखा लिहितो, २ नोव्हेंबर १८३४ आणि १ फेब्रुवारी १८३५, आणि मुलांनाच विचारतो की आधीची तारीख आधी का आली असेल? बहुधा एखादा तरी विद्यार्थी उत्तर देतो की, मळेवाल्यांना मुक्तीची बातमी आधीच कळली होती. ते उत्तर बरोबर आहे. त्यानंतर मी त्यांना ल मोर्नची कथा सांगतो, म्हणजे तीच बातमी शेवटी कोणाला कळली नाही, हेही त्यांच्या ध्यानात राहते.